धानाच्या बांधीत ‘कर्ज’ची गिटार

झाडीपट्टीत वादकाची परीक्षा अगदी सोपी. गाणं संपलं की पुढच्या रांगेतला एखादा म्हातारा शेजाऱ्याला म्हणतो, ‘रेकॉर्डावानी वाजवते गा पोट्टा!’ झालं, पास. राग कोणता, ताल कोणता, असलं कुणी विचारत नाही. नापास झालात तर तेही तिथल्या तिथे कळतं. ‘काहून गा, रेकॉर्डावानी काहून नाही वाजत?’ मग पुढच्या गावच्या प्रयोगाला तुमच्या जागी दुसरा कुणी बसलेला असतो.

मी बल्लारपूरच्या पेपर मिलच्या वसाहतीत वाढलो, गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायला शिकलो आणि पुढे हंगामात वडशाच्या नाटक कंपन्यांबरोबर हिंडलो. मुंबईच्या स्टुडिओत तयार झालेला आवाज चंद्रपूर-गडचिरोलीच्या मैदानात उभा करायचा, हा इथल्या वादकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. त्याला घराणं नाही, गुरुपौर्णिमा नाही आणि वर्तमानपत्रात परीक्षण तर नाहीच. इतिहास मात्र आहे.

झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूरचा पूर्व भाग, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया, हा धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा मुलूख. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, पण ती हद्द नाटकाने कधी मानली नाही. वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी, पलीकडे वडसा, म्हणजेच देसाईगंज. नाटक कंपन्यांची कार्यालयं या वडशात. दिवाळी झाली, धान कापून झालं, की गावोगाव मंडईच्या जत्रा भरतात, कुठे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत होते, आणि त्या रात्री नाटक हे ठरलेलंच. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि पडतो तो पहाटे. कापणी झालेल्या बांधीत तणस टाकून, चादरी-घोंगड्या गुंडाळून माणसं रात्रभर बसतात, तेही तिकीट काढून. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा पट थांबले, डिसेंबर २०२१मध्ये ते पुन्हा सुरू झाले. पण बैल घरी बसले म्हणून नाटकं काही थांबली नाहीत. याच मातीत आयुष्यभर नाटक करणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या अनेकांनी झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

इथला जुना वाद्यमेळ साधा होता. दंडार आणि खडीगंमत या लोकनाट्यांचं काम डफ, ढोलकी, तुणतुणं, टाळ यांवर भागायचं. विजेचा पत्ता नव्हता. म्हणून वाद्य निवडताना पहिली कसोटी एकच असायची, शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचतो का? मग संगीत नाटकाची हवा आली आणि तिच्याबरोबर पायपेटी, म्हणजे ऑर्गन, आली. बालगंधर्वांच्या मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा असा थाट होता. आमच्याकडे सारंगी टिकली नाही, ऑर्गन आणि तबला टिकले. भाता पायाने चालत असल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि सूर तुटत नाही. उघड्या रानात हे दोन गुण फार मोलाचे. तेव्हापासून ऑर्गन वाजवणारा ‘मास्तर’ झाला तो आजतागायत. आता त्याच्यापुढे जपानी की-बोर्ड असतो, तरी नाटकाच्या पोस्टरवर त्याच्या नावाआधी छापतात ‘ऑर्गन’च.

रेकॉर्ड खेड्यात पोचली ती भोंग्यातून. लग्न असो, बारसं असो, मंडई असो, डेकोरेशनवाल्याकडे तबकडी वाजवायचं यंत्र, अहुजाचा अॅम्प्लिफायर आणि झाडाला टांगलेला भोंगा असायचा. सिनेमा पाहायला चंद्रपूर नाही तर ब्रह्मपुरी गाठावी लागे, पण गाणी गावातच ऐकू येत. एकदा का कानाला त्या आवाजाची सवय लागली की नाटकातल्या गाण्यालाही तोच आवाज हवासा वाटतो. झाडीपट्टीचा वादक नकलाकार झाला तो इथे.

पण ही नक्कल ज्या आवाजाची, तो तरी अस्सल कुठे होता? १९५४ साली ‘नागिन’ आला. संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली पुंगी अख्ख्या देशाने डोक्यावर घेतली. ती पुंगी नव्हतीच. कल्याणजी विरजी शहा यांनी ती क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती. क्लॅव्हिओलिन म्हणजे एका वेळी एकच सूर देणारं विजेवरचं छोटं वाद्य, कॉन्स्टन्ट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ साली बनवलेलं. पुढे गंमत अशी झाली की ज्यांच्या हातात खरी पुंगी होती ते गारुडीही ‘नागिन’ची धून वाजवू लागले. यंत्राने पुंगीची नक्कल केली, पुंगीने यंत्राची, आणि लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटने दोघांचीही. त्यामुळे कुणी मला ‘तुम्ही फक्त कॉपी करता’ असं म्हटलं की मी ‘नागिन’चं नाव घेतो आणि चहा मागवतो.

गिटारवाल्यांचं भाग्य उजळलं १९८० साली. सुभाष घईंचा ‘कर्ज’ आला. पुनर्जन्माची गोष्ट, विश्वासघात, खून, सूड. झाडीपट्टीच्या नाटकाला लागतं ते सगळं त्यात होतं. शिवाय त्यात गिटारची धून हेच एक पात्र होतं. ऋषी कपूरचा माँटी ती धून वाजवतो आणि त्याला मागचा जन्म आठवू लागतो. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना या चित्रपटासाठी फिल्मफेअर मिळालं. पडद्यावर गिटार ऋषी कपूरच्या गळ्यात असली तरी वाजवली ती गोरख शर्मांनी. ते प्यारेलालांचे धाकटे भाऊ. वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रंपेट वाजवायचे. गोरखजी मेंडोलिनही तितकीच सुरेख वाजवत. २०१८ साली ते गेले. त्या धुनेचं मूळ अमेरिकन गिटारवादक जॉर्ज बेन्सनच्या १९७९च्या एका रचनेत सापडतं. म्हणजे इथेही नकलेची साखळी आहेच. पण बेन्सनचं नाव आमच्याकडे कुणाला माहीत? बांधीत बसलेल्या माणसाच्या लेखी ती ‘कर्जवाली गिटार’ होती आणि आहे.

तेव्हापासून नाटकात कुणी कुणाचा घात केला, दारात मेलेला माणूस उभा राहिला, की दिग्दर्शक आमच्याकडे बघून फक्त भुवई उडवायचा. आम्ही समजून जायचो.

वाजवायला मात्र साधन काय होतं? कोलकात्याची गिवसन गिटार, तिला बाहेरून बसवलेला पिकअप आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने जुळवून दिलेला अॅम्प. जगात तोवर गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलचा बाजार चांगला भरला होता. १९६२ साली मॅस्ट्रो कंपनीचं फझ पेडल निघालं आणि १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या गाण्याने तो फाटका आवाज घरोघरी नेला. १९७४ साली रोलंडचं स्पेस एको हे टेपवर चालणारं पडसादाचं यंत्र आलं. १९७६ साली बॉसचं कोरस, पुढच्याच वर्षी त्याच कंपनीची तळहाताएवढी पेडलं, १९८३ साली डिजिटल डिले. या तारखा मी फार नंतर वाचल्या. आमच्या भागात ही पेडलं दिसू लागली ती नव्वदच्या दशकात, तीही नागपूरमार्गे. नागभीडहून नागपूरला नॅरोगेजची छोटी गाडी होती, २०१९पर्यंत ती धावली. तिच्यात मांडीवर पेडल घेऊन बसलेला पोरगा म्हणजे आमच्यात लॉटरी लागलेला माणूस. मग झूमचा ५०५ आला, एका डबीत सगळे इफेक्ट, आणि आम्ही त्याला ‘प्रोसेसर’ म्हणू लागलो.

प्रोसेसर हातात आला की नवा पोरगा आधी डिस्टॉर्शनचं बटण दाबतो. आवाज फाटतो, अंगावर येतो, त्याला बरं वाटतं. ‘कर्ज’चा आवाज तसा नाही. तो गोल आहे, सुटा आहे, प्रत्येक सूर जागच्या जागी राहून थोडा वेळ तरंगतो. तिथे पोचायचं तर आधी पेडलला हात लावायचा नाही. गिटारचा मानेजवळचा पिकअप निवडायचा, टोनचा खुंटा निम्म्यावर आणायचा आणि पिक मऊ घ्यायचं. सूर धरल्यावर डाव्या बोटाने तो हळूच हलवायचा, लगेच नाही, अर्धा क्षण थांबून. आवाजाचा मोठा हिस्सा इथेच जमतो. मग कंप्रेसर लावायचा. तो जोरात छेडलेला सूर दाबतो आणि विझत आलेला सूर उचलतो, म्हणून तार जास्त वेळ बोलते. त्यानंतर एको आणि शेवटी थोडा रिव्हर्ब. हा क्रम उलटा केला तर कंप्रेसर एकोच्या शेपट्याही उचलून धरतो आणि सगळा काला होतो.

एकोचा हिशेब गाण्याच्या लयीवर बसवावा लागतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, पाऊण ठोका ३७५चा. एको त्या मापात ठेवला की तो तबल्याशी भांडत नाही. आणखी एक बारकावा आहे. जुन्या टेपच्या एकोत प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा मळकट होत जायचा, वरचे सूर झिजायचे. डिजिटल डिले प्रत्येक वेळी स्वच्छ, कोरा पडसाद देतो आणि तिथेच तो कानाला नवा वाटतो. म्हणून पडसादाचा वरचा भाग कापायचा. जुन्या रेकॉर्डच्या जवळ जायचं तर नव्या यंत्राला थोडं खराब करावं लागतं.

हे सगळं घरी जमतं. मैदानात खरी कसोटी. गिटारच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेचा सूर ८२ हर्ट्झचा, सर्वांत बारीक तारेचा ३३० हर्ट्झचा. साधा भोंगा ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच बाहेर सोडत नाही. म्हणजे खालच्या तारांचा मूळ सूर भोंग्यातच मरतो, प्रेक्षकाला ऐकू येतात ते त्याचे वरचे अंश. घरी ऊबदार वाटणारा गोल आवाज भोंग्यातून गुदमरलेला येतो. उपाय असा की मंचावर वाजवताना आवाज मुद्दाम थोडा टोकदार ठेवायचा, आपल्याला कर्कश वाटेल इतका. शंभर मीटरवर बसलेल्या माणसाला तो बरोबर ‘कर्ज’सारखा लागतो.

त्यात लाइटवाला असतो. करुण प्रसंग आला की तो डिमर खाली आणतो, आणि डिमर अर्ध्यावर आला की गिटारमध्ये भुंग्यासारखी गुणगुण शिरते. नायिका हुंदके देतेय आणि माझ्या अॅम्पमधून भुंगा. जनरेटरवर लोड वाढला की भुंग्याचा सूरही बदलतो. म्हणून पेडल अॅडॉप्टरवर न चालवता ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचं, लीड लाइटच्या वायरीपासून लांबून न्यायची आणि मंचाकडे पाठ न करता अंग थोडं तिरपं ठेवून बसायचं. पिकअपचं तोंड फिरलं की भुंगा कमी होतो. मध्यरात्रीनंतर दव पडायला लागतं. गारठ्याने तारा आखडतात, सूर चढतो. दुसऱ्या अंकात जुळलेली गिटार तिसऱ्या अंकात मास्तरच्या की-बोर्डशी जुळत नाही. की-बोर्ड थंडीने हलत नाही, त्यामुळे माघार नेहमी गिटारनेच घ्यायची.

आणि सर्वांत मोठी गंमत एकोचीच. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचाजवळ एक भोंगा आणि शंभर मीटर मागे दुसरा असेल, तर मागच्या माणसाला जवळच्या भोंग्याचा सूर आधी ऐकू येतो आणि मंचाजवळच्या भोंग्याचा साधारण ३०० मिलिसेकंदांनी. म्हणजे मुंबईच्या स्टुडिओत यंत्र लावून जो पडसाद आणायचे, तो आमच्या बांधीत फुकट मिळतो, फक्त त्याचं माप आपल्या हातात नसतं. त्यावर पेडलचा ३७५चा पडसाद घातला की दोघांची टक्कर. म्हणून जाणता वादक आधी मैदानात फिरतो, भोंगे कुठे टांगलेत ते बघतो आणि मग एको ठेवायचा की बंद करायचा ते ठरवतो. हे कुठल्याही पेडलच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. वडशाच्या वादकांना ते पाठ आहे.

तबलजी आणि ऑक्टोपॅडवाले तर आमच्याहून पुढे. ‘यादों की बारात’मधल्या, म्हणजे १९७३च्या ‘चुरा लिया’च्या सुरुवातीला काचेची किणकिण आहे. ऑक्टोपॅड या विजेवरच्या तालवाद्यात घंटेचे, त्रिकोणाचे कितीतरी आवाज भरलेले असतात. आमच्या पॅडवाल्याला त्यातला एकही पटला नाही. तो चहाच्या टपरीवरून काचेचा ग्लास आणि चमचा घेऊन आला, ग्लासात दोन घोट चहा ठेवला, कारण रिकामा ग्लास फार वर बोलत होता, आणि माइकपाशी धरून वाजवला. रेकॉर्डात तरी दुसरं काय होतं? काचेचा आवाज काचेवरच आला.

पुढे की-बोर्डने गिटारची जागा खाल्ली. १९८०मध्ये कॅसिओने घरगुती की-बोर्ड बाजारात आणले, १९८५ साली रोलंडचा पहिला ऑक्टोपॅड आला, आणि १९९१ साली की-बोर्डमधल्या आवाजांची १२८ नावांची जागतिक यादी पक्की झाली. तिच्यात २५ ते ३२ हे क्रमांक गिटारचे. २७ जॅझ, २८ स्वच्छ, ३० आणि ३१ फाटके. नाटक कंपनीच्या मालकाचा हिशेब सरळ होता. मास्तर एका बोटाने २७ नंबर लावत असेल तर गिटारवाल्याचं मानधन, जेवण आणि गाडीतली जागा कशाला? त्याचंही चुकलं नाही. हंगाम चार महिन्यांचा आणि खर्च बारा महिन्यांचे. आज झाडीपट्टीच्या मंचासमोर ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड हीच त्रिमूर्ती दिसते. गिटारवाला आला तर पाहुणा म्हणून.

तरी अधूनमधून मला बोलावणं येतं, ते एका कारणासाठी. की-बोर्डची पट्टी दाबली की सूर तिथेच उभा राहतो. मास्तर चाक फिरवून तो वर-खाली नेतो, पण तार ओढताना बोटाखाली जो थोडा अडसर येतो, सूर पोचण्याआधी जो किंचित लटपटतो, ते चाकात येत नाही. ‘कर्ज’ची धून त्या लटपटीवर उभी आहे. मास्तर स्वतःच सांगतो, ‘हे तुमीच वाजवा भाऊ, माह्या डब्यात नाही हे.’

आता मुद्द्याचं. ‘कर्ज’च्या आवाजापर्यंत आम्ही पोचू शकतो, कारण त्याची रेकॉर्ड आहे. शंभरदा ऐका, अडलं तर पुन्हा ऐका. उद्या एखाद्या पोराला ऐंशीच्या दशकातल्या वडशाच्या नाटकाचा आवाज उभा करावासा वाटला तर त्याने काय ऐकायचं? पायपेटीचा तो फुगलेला सूर, भोंग्यातून येणारा तबला, मधेच जनरेटरची धडधड, नटाने माइकपासून तोंड वळवून मारलेली आरोळी आणि बांधीतून उठलेली शिट्टी, या मिळून बनलेल्या आवाजाचा एक टोन होता. तो कुठल्याही पेडलमध्ये नाही. आताच्या प्रयोगांचे मोबाइलवर हवे तितके व्हिडिओ मिळतात. जुनं जे काही उरलं असेल ते कुणी हौसेने टेपरेकॉर्डर मंचासमोर ठेवून भरलेल्या कॅसेटींमध्ये.

नक्कल करणाऱ्यांचीही एक परंपरा असते आणि तिच्यात नवं पुष्कळ घडतं, असं माझं ठाम मत आहे. मैदानात फिरून एको ठरवणारा वादक किंवा ग्लासात दोन घोट चहा ठेवणारा पॅडवाला, हे शोधच आहेत. ते मुंबईच्या स्टुडिओतल्या शोधांपेक्षा कमी प्रतीचे नाहीत. फरक इतकाच की तिथल्यांची टेप राहिली.

म्हणून झाडीपट्टीतल्या वाचकांना एक विनंती. घरच्या पेटीत नाटकाची जुनी कॅसेट असेल तर ती फेकू नका आणि साध्या टेपवर पुन्हा पुन्हा वाजवूही नका. बुरशी दिसली तर आधी जाणत्याकडून साफ करून घ्या. मग चांगल्या डेकचं हेड पुसून एकदाच वाजवा आणि संगणकावर उतरवून ठेवा. सोबत कागदावर गाव, साल, कंपनी, नाटक आणि ऑर्गनवर कोण होतं ते लिहा, कारण नाव नसलेला आवाज दहा वर्षांनी कुणाच्याच कामाचा राहत नाही. गडचिरोलीत २०११पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. अशा ठेव्याला तिथे एक कपाट आणि एक संगणक मिळावा, एवढं मागणं फार नाही. आणि यंदाच्या मंडईला नाटकाला गेलात तर मोबाइल फक्त नटीवर रोखू नका. पाच मिनिटं तो मंचासमोरच्या वादकांकडेही वळवा.